दुसरी गाडी येईल

माझा मामा बस चालवायचा आणि डेपोत त्याला सगळे 'हॉर्न' म्हणायचे. सकाळी गाडी ताब्यात घेतली की तो आधी हॉर्न तपासायचा, ब्रेक नंतर. सिग्नल हिरवा व्हायच्या आत हॉर्न, रस्त्यात मांजर दिसलं की हॉर्न, पुढची गाडी सरळ मार्गाने चालली असली तरी आपण मागे आहोत याची आठवण म्हणून एक हॉर्न. घरी हॉर्न नसायचा, म्हणून तोंड चालायचं. चहा कोमट का, पंखा कुरकुरतो का, शेजाऱ्याने सायकल आमच्या दारात का टेकवली. आई म्हणायची, "हा जन्मला तेव्हा रडला नाही. भांडला."

आई त्याच्याहून बरीच मोठी. आजी-आजोबा लवकर गेले आणि तिनेच त्याला वाढवलं. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात दिवसभर उभं राहून ती घरी यायची, तोवर हा शाळेत कुणाचा तरी शर्ट फाडून आलेला असायचा. मग ती हेडमास्तरांपुढे जाऊन ऐकून घ्यायची. पुढे तिचं लग्न झालं, मी झाले, वडील आजारपणात गेले आणि ती पुन्हा त्याच कारखान्यात लागली. मी कॉलेजात होते तेव्हा कारखान्याचा माळा गठ्ठ्यांसकट खाली आला. आई त्या माळ्यावर होती. मणका गेला. "पायांनी राजीनामा दिला," असं ती लोकांना सांगायची, कारण लोकांचे पडलेले चेहरे तिला सहन व्हायचे नाहीत. मामा मालकाच्या केबिनमध्ये घुसून इतकं बोलला की मालकाने पोलीस बोलावले. त्याचा राग खरा होता. पण त्याने काय झालं? मालकाने केबिनला नवीन कुलूप बसवलं, आणि आई व्हीलचेअरवर घरी आली.

आमचं घर खालच्या गल्लीत. एका बाजूला नदीचा बांध, दुसऱ्या बाजूला गोदामांची उंच भिंत, मध्ये आम्ही. भाडं परवडायचं, म्हणूनच तिथे. मामा डेपोमागच्या एका खोलीत एकटा राहायचा. पण सुट्टी असली की आमच्याकडे. आईसाठी त्याने उंबरा तासून सपाट केला, विजेची बटणं खाली आणली, ओट्याचे पाय कापले. एकेक काम करताना त्याने सुताराला, वायरमनला, करवतीला, भिंतीला शिव्या घातल्या, पण काम चोख केलं. आई घरी बसून बॅगांच्या चेन शिवून द्यायची. तिचे दंड इतके भक्कम झाले होते की मामाशी पंजा लढवून ती त्याला हरवायची.

समोर घड्याळकाका राहायचे. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. अर्धांगवायूने डावी बाजू गेली, बायको त्याआधीच गेलेली. तरी एका हाताने लोकांची घड्याळं उघडायचे आणि झाकण दातात धरायचे. मामाची बस बांधावरच्या रस्त्याने गेली की खिडकीतून ओरडायचे, "हॉर्न, आज पुन्हा उशीर!" मामा तिकडून हॉर्न देऊन उत्तर द्यायचा. साऱ्या शहरात मामाशी एवढ्या प्रेमाने भांडणारा दुसरा माणूस नव्हता.

नदी आमच्या गल्लीत पूर्वीही यायची, पण पाहुण्यासारखी. आधी कळवून, सावकाश, दाराशी थांबून. जुनी माणसं सांगायची, एखाद्या पिढीत एकदा. आता तसं राहिलं नव्हतं. पाऊस पडायचा नाही, पडायचा नाही, आणि मग महिन्याभराचा एका दुपारी कोसळायचा. समुद्र तापलाय, ढग जास्त पाणी उचलतात, असं पालिकेने पाठवलेल्या इंजिनिअर मुलीने आम्हाला नीट समजावून सांगितलं होतं. ती चांगली मुलगी होती. तिचं बोलणं सगळ्यांना पटलं, कारण आमच्या भिंतींवरच्या ओलीच्या रेघा दरवर्षी तेच सांगत होत्या. फक्त तिची पुढच्या महिन्यात बदली झाली.

तिच्या जागी आले ते साहेब. पूर्वतयारी विभागाचे. 'सुरक्षित वस्ती' असा भला मोठा फलक गल्लीच्या तोंडाशी लागला. घरटी एक शिट्टी, एक टोपी आणि एक पिशवी वाटली. मग सराव ठरला. भोंगा वाजणार, सगळ्यांनी पिशवी घेऊन बाहेर पडायचं, बसमध्ये बसायचं, टेकडीवरच्या शाळेत जायचं.

सरावाच्या सकाळी आई केस विंचरून, पिशवी मांडीवर घेऊन दारात तयार होती. टोपी घातलेला एक स्वयंसेवक आला आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही घरीच थांबा. तुम्हाला सरावाची काय गरज?"

मामा आत दाढी करत होता. तो तसाच अर्ध्या तोंडाला साबण लावून बाहेर आला. "म्हणजे? पूर काय हिला वगळून येणार आहे?"

गलका ऐकून साहेब आले. "अहो, रागावू नका. खऱ्या वेळी यांच्यासाठी वेगळी व्यवस्था होईल."

"कोणती?"

"टीम येईल ना."

"कुठली टीम? किती माणसं? कुठून येणार? नाव सांगा, मी आत्ता जाऊन त्यांना भेटतो."

साहेब हसले. "तुमचा आवाज पुरेसा आहे हो, भोंग्याची गरजच नाही." टोपीवाले हसले, गल्लीतलेही हसले. मामा एवढ्यातेवढ्यावरून ओरडतो हे सगळ्यांना ठाऊकच होतं. सराव पार पडला. चालणारे चालत गेले, फोटो निघाले. घड्याळकाका आणि आई समोरासमोरच्या दारांत बसून मोकळ्या गल्लीकडे बघत राहिले.

पूर आला तो त्याच वर्षी, एका दुपारी. वरच्या अंगाला रात्रभर पाऊस झाला होता, धरणाचे दरवाजे उघडले होते. भोंगा वाजला तेव्हा मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरींच्या ढिगात होते. पुढचं सगळं मी नंतर आईकडून ऐकलं. तिने ते एकदाच सांगितलं.

डेपोतून बस सुटल्या. मामाने खालच्या गल्लीची बस मागितली. कंट्रोलर म्हणाला, "ज्याला जी दिली ती." त्याला गोदामांपलीकडची वस्ती मिळाली, आमच्या गल्लीत दुसरा ड्रायव्हर आला. कायम काळा चष्मा लावायचा म्हणून त्याला 'गॉगल' म्हणत. बस कोपऱ्यावर उभी राहिली. शेजाऱ्यांनी आईची खुर्ची ढकलत आणली, काकांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचलून आणलं. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बाहेरगावी निघाल्यासारखे.

बसच्या दाराशी पालिकेचा सुपरवायझर कर्णा घेऊन उभा होता. "खुर्च्या नकोत. एक खुर्ची सहा माणसांची जागा खाते. चालता येतं ते आधी चढा. यांच्यासाठी दुसरी गाडी येईल."

एक-दोघांनी वाद घातला. मागून पाणी बांधाच्या फटीतून गल्लीत शिरत होतं, लोकांच्या कडेवर पोरं होती. सुपरवायझर पुन्हा ओरडला, "दुसरी गाडी येईल म्हटलं ना!" मग शेजाऱ्यांनी दोघांना इस्त्रीच्या दुकानाच्या उंच कट्ट्यावर नेऊन ठेवलं, आईच्या खांद्यावर कुणीतरी ताडपत्री टाकली आणि सगळे चढले. बस गेली. जाताना सगळे मागच्या काचेतून बघत होते, असं आई म्हणाली. कुणी हातसुद्धा हलवला नाही.

दुसरी गाडी निघाली होती. पण रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यात पाणी भरलं म्हणून ती अर्ध्यातून परत फिरली. परत फिरली हे कुणी कुणाला कळवलं नाही. कळवायचं कुणी, हे ठरलेलंच नव्हतं.

पाणी कट्ट्यावर आलं, मग खुर्चीच्या चाकांवर, मग मांडीवर. आईने एका हाताने दुकानाच्या खिडकीचे गज धरले आणि दुसऱ्या हाताने काकांची कॉलर. काकांचा एकच हात चालायचा. त्यांनीही त्याने गज धरला होता. ते बोलत होते. भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाला आज चावी द्यायची राहिली, असं सांगत होते. आई म्हणत होती, "देऊ हो उद्या." मग लाकडी ओंडक्यासारखं काहीतरी येऊन आदळलं. आईच्या हातात कॉलरचा तुकडा राहिला.

संध्याकाळच्या आधी गोदामातल्या दोन हमालांनी दोर टाकून आईला वर ओढलं. काका दुसऱ्या दिवशी बांधाच्या खालच्या अंगाला सापडले.

मामाने त्या दुपारी पलीकडच्या वस्तीतले बसभर लोक पुन्हा पुन्हा शाळेत नेऊन सोडले. प्रत्येक खेपेला तो शाळेत उतरून "माझी ताई आली का?" म्हणून विचारत होता. प्रत्येक वेळी कुणीतरी सांगायचं, दुसरी गाडी येतेय. आईला आमच्याच हॉस्पिटलात आणलं होतं. मी धुलाईघरातून तिच्या वॉर्डात पोचले, तेव्हा तो तिथे तिच्या पायांपाशी बसला होता. ज्या पायांना काही कळत नव्हतं ते दोन्ही हातांनी धरून.

तिसऱ्या दिवशी तो डेपोत गेला आणि त्याने गॉगलला गचांडी धरून भिंतीवर दाबलं. चष्मा पडून फुटला. गॉगल प्रतिकार न करता ढसाढसा रडत होता. लोकांनी दोघांना सोडवलं. मामा तसाच धुमसत आमच्याकडे आला, म्हणजे मी भाड्याने घेतलेल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत, आणि मोठ्या फुशारकीने सांगू लागला.

आईने त्याला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाली, "झालं समाधान?"

"त्याने तुला रस्त्यावर सोडलं, ताई!"

"त्याला जे सांगितलं ते त्याने केलं. तुला पलीकडे जा म्हणाले, तू गेलास ना? मग? तिथे कुणाला सोडून आलास, मागे वळून पाहिलंस?"

मामा उठून दाराकडे निघाला.

"आयुष्यभर समोर दिसेल त्याच्यावर खेकसत आलास," आई म्हणाली. "सायकलवाला, मांजर, चहावाला. ज्याने ठरवलं की मी सहा माणसांची जागा खाते, तो तुला कधी समोर दिसलाच नाही. त्याला शोध. नाहीतर गप्प बस."

महिन्याभराने पालिकेच्या सभागृहात आढावा बैठक झाली. मी आईला उसन्या व्हीलचेअरवरून घेऊन गेले. सभागृहाला पायऱ्या होत्या. मामाने आणि मी तिला मागच्या सामानाच्या दाराने आत नेलं. साहेबांनी पडद्यावर नकाशे दाखवले. मोहीम अत्यंत यशस्वी, हजारो लोक सुरक्षित. "दुर्दैवाने खालच्या गल्लीत एक मृत्यू झाला. एका वृद्ध गृहस्थांनी घर सोडायला नकार दिला."

मामा उभा राहिला आणि जीव तोडून ओरडला. "खोटं! तो माणूस इस्त्रीचा शर्ट घालून तुमच्या गाडीची वाट बघत होता!" तो पुढेही खूप बोलला. पण शब्द एकमेकांत अडकत होते, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "बसा हो हॉर्न." हशा पिकला. शिपायांनी त्याला बाहेर नेलं. इतकी वर्षं तो इतक्या फालतू गोष्टींवर ओरडला होता की ज्या दिवशी ओरडायला हवं होतं त्या दिवशी तो नुसता आवाज ठरला. ते त्याला तिथेच, दाराबाहेर उभ्या उभ्या कळलं असावं.

आई मात्र आतच होती. तिने हात वर केला. माइक कुणी दिला नाही, तेव्हा तशीच बोलली. "मी त्यांच्या शेजारी होते. त्यांनी नकार दिला नाही. तुमच्या माणसाने दिला."

साहेब मान तिरकी करून हळुवारपणे म्हणाले, "ताई, तुमची मनःस्थिती मी समजू शकतो. पण आमच्याकडे आलेली माहिती तशी आहे." आणि पुढचा नकाशा लावला.

मी आजवर बऱ्याच गोष्टींवर चिडले आहे. पण ते 'समजू शकतो' आठवलं की अजून माझ्या कानशिलात कळ येते. धक्के मारून बाहेर काढणाऱ्याशी निदान भांडता येतं. जो प्रेमाने मान तिरकी करतो त्याचं काय करायचं?

त्यानंतर मामा गप्प झाला. हॉर्न वाजवेना. त्याच्या मार्गावरचे प्रवासी घाबरले, एका म्हाताऱ्या बाईने त्याला विचारलं, "बरं नाही का रे?" रोज ड्युटी संपली की आमच्याकडे यायचा, आईशेजारी बसायचा आणि प्रश्न विचारायचा. बसच्या दाराचा मधला दांडा काढता येतो का. शाळेत वर चढायला दुसरी वाट आहे का. गाडी फिरली तर निरोप कुणी द्यायचा. खालच्या गल्लीत लोक परत राहायला आले होते, जाणार कुठे? आम्हीही आलो. उन्हाळ्यात मामा घरोघर जाऊन बघू लागला, कोण कोण आहे. पाहिलं तर न चालणारे बरेच निघाले. अंथरुणाला खिळलेला एक रंगारी, दिवस भरत आलेली सून, न दिसणारी एक शिक्षिका, पाय प्लास्टरमध्ये असलेला मुलगा. इतकी वर्षं एका गल्लीत राहून आम्हाला एकमेकांचा पत्ता नव्हता.

पुढच्या वर्षी पावसाच्या आधी पुन्हा सराव ठरला. या वेळी पैसे देणाऱ्या संस्थेचे पाहुणे यायचे होते, म्हणून थाट मोठा. सरावाच्या ड्युटीला कुणी ड्रायव्हर तयार नसे, सुट्टी बुडते म्हणून. मामाने आपणहून हात वर केला. कंट्रोलरला आश्चर्य वाटलं, पण बरंही वाटलं.

भोंगा वाजला. मामाने बस कोपऱ्यावर आणून लावली. साहेबांनी आधी पाहुण्यांना टोप्या घालून आत बसवलं, कारण फोटो आतून हवा होता. मग चालते लोक चढू लागले. साहेबांनी खूण केली, "चला, निघा."

मामाने इंजिन बंद केलं, किल्ली काढून खिशात टाकली आणि खाली उतरला.

"काय झालं? बिघाड?"

"नाही. अजून माणसं यायची आहेत."

गल्लीतून आई येत होती. मागे रंगाऱ्याला खाटेसकट चौघांनी उचललेलं, शिक्षिका माझ्या खांद्यावर हात ठेवून, सून पोट धरून सावकाश. साहेबांचा चेहरा उतरला. "अहो, हा सराव आहे!"

"म्हणूनच," मामा म्हणाला. आवाज अजिबात चढलेला नव्हता. मला वाटतं त्याच आवाजाला साहेब घाबरले. "आत बसलेल्यांपैकी ज्यांना पाय आहेत त्यांनी उतरा. हे आधी."

"पाहुण्यांना वेळ नाहीये, तुम्हाला कळतंय का? त्यांना पुढे जायचंय!"

"मग थांबू दे त्यांना. दुसरी गाडी येईल."

साहेबांनी कंट्रोलरला फोन लावला, पण किल्ली मामाच्या खिशात आणि बस गल्लीचं तोंड अडवून उभी. पाहुणे एकेक करून उतरले.

आता मामाने सगळं ठरवून ठेवलं होतं. एक जाड फळी आणली होती, ती बसच्या पायरीला टेकवली, आणि आईची खुर्ची त्यावरून वर ढकलायला लागला. अर्ध्यात फळी सरकली. खुर्ची कलंडली आणि आई रस्त्यावर पडली. कोपर सोलपटलं, रक्त आलं. मामा पांढराफटक पडून तसाच उभा. वर्षभर ज्याचा विचार केला होता ते पहिल्या मिनिटात कोसळलं होतं.

"बघत काय बसलास?" आई रस्त्यावर पडल्या पडल्या ओरडली. "पाणी आलंय समज! उचल!"

पाहुण्यांमधली एक वयस्कर बाई पुढे आली, तिने आईचे पाय धरले. गॉगलही आला होता, तो कुठून आला मला माहीत नाही. त्याने काखेत हात घातले. आई आत गेली, पण खुर्ची दाराच्या दांड्यापुढे जाईना. ती रस्त्यावरच राहिली. रंगाऱ्याची खाट दारातून आत शिरेना. शेवटी त्याला चादरीत झोळी करून घेतलं. तो कण्हत होता आणि माफी मागत होता, आणि त्याचं माफी मागणं ऐकून मला इतका संताप आला की मी साहेबांना म्हणाले, "तुम्ही धरा की एक टोक!" त्यांनी धरलं. काय करणार, कॅमेरा चालू होता.

शाळेत पोचल्यावर पुढचा धडा. निवाऱ्याचं सभागृह पहिल्या मजल्यावर, आणि वळणाचा अरुंद जिना. साहेबांच्या नकाशावर तो जिना नव्हता. पुन्हा सगळ्यांना उचलून वर. सून मधल्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "मी आता इथेच बाळंत होते, तुम्ही पुढे व्हा." तेवढंच सगळे हसलो. सकाळी सुरू झालेला सराव संध्याकाळी संपला.

दुसऱ्या दिवशी मामा निलंबित झाला. सरकारी वाहन अडवून ठेवल्याबद्दल आणि पाहुण्यांशी उद्धट वर्तन केल्याबद्दल. निलंबन उठलं तेव्हा त्याला स्टेअरिंग दिलं नाही, बस धुवायच्या हौदावर टाकलं. निवृत्त होईपर्यंत तो तिथेच राहिला.

पण त्या पाहुण्या बाईने जाताना काहीतरी सांगितलं असावं. पुढच्या पावसाआधी दोन बसचे दांडे निघाले, सीट उचलता येतील अशा झाल्या, बाहेर येणारा लोखंडी उतार बसला. न चालणाऱ्यांसाठी वाचनालयाचा तळमजला मिळाला. आणि गाडी माघारी फिरली तर थेट गल्लीत निरोप द्यायचं काम एका माणसाच्या गळ्यात बांधलं गेलं. बाकीचं मामाने केलं. दर रविवारी तो गल्लीतल्या लोकांना उचलायला शिकवायचा. खरं तर लोकांबरोबर स्वतःही शिकायचा. लोक त्याला लांबून बघून दार लावून घेत. "आला हॉर्न, आता कुणाला तरी उचलायला लावणार." तो दार वाजवत राहायचा.

पूर पुन्हा आला, दोन वर्षांनी, पहिल्यापेक्षा मोठा. खालच्या गल्लीतून आई पहिल्या बसमध्ये गेली, पाठोपाठ रंगारी. त्या बसवर गॉगल होता. मामा कमरेइतक्या पाण्यात उभा राहून ओरडत होता आणि त्या दिवशी त्याच्या प्रत्येक शब्दावर लोक हलत होते. आमच्यातलं कुणीही दगावलं नाही.

नदीच्या वरच्या अंगाला वीटभट्ट्यांपलीकडे एक वस्ती आहे. तिथे फलक होता, टोप्या होत्या. त्याच पुरात तिथे दोघं दगावले. एक आजोबा आणि एक जन्मापासून न चालणारी मुलगी. साहेबांना त्या वर्षी पुरस्कार मिळाला. 'सर्वसमावेशक पूर्वतयारी'साठी. समारंभात त्यांनी आमच्या गल्लीचे फोटो दाखवले. झोळीचं टोक धरलेला त्यांचा स्वतःचाही होता. संपल्यावर ते मामाजवळ आले, हात पुढे केला. "तुमचं बरोबर होतं, मान्य करतो."

मामाने हात घेतला नाही. "माझं राहू द्या. घड्याळकाकांबद्दल माइकवर बोलला होतात, ते माइकवर परत घ्या. माइक अजून चालू आहे."

साहेबांनी माइककडे पाहिलं. मग घड्याळात पाहिलं, आणि गाडी उभी आहे म्हणाले. आजही पालिकेच्या लेखी काकांनी घर सोडायला नकारच दिलेला आहे. मी ती नोंद बदलून घेण्यासाठी तीन साहेबांना भेटले. तिघांनीही समजू शकतो म्हटलं.

पूर ओसरल्यावर मामा आणि आई वीटभट्टीच्या वस्तीत गेले. त्या मुलीची आई दारात बसली होती. मामाने कोण, कुठले ते सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्हाला एवढं येत होतं, तर आमच्याकडे आधी का नाही आलात?"

परत येताना डेपोच्या वळणावर मामा एकदम म्हणाला, "आपली गल्ली, आपली गल्ली करत बसलो, ताई. त्या साहेबासारखाच नकाशा केला मी पण."

पुढच्या रविवारपासून तो तिथे जायला लागला. आता निवृत्त आहे, गुडघे दुखतात, ब्लडप्रेशरच्या दोन गोळ्या घेतो. डॉक्टर सांगतात, चिडू नका. तो डॉक्टरांवर चिडतो. गेल्या आठवड्यात मीही बरोबर होते. तिथल्या शाळेचा जिना आमच्याहून वाईट, आणि उचलायचा सराव करायला जड माणूस लागतो, म्हणून मामा स्वतःच खुर्चीत बसला होता. भट्टीवरची चार माणसं त्याला वर नेत होती. आई खाली व्हीलचेअरवरून सूचना देत होती, आणि ती मुलीची आई पुढे चालत पायऱ्या मोठ्याने सांगत होती. वळणावर खुर्ची तिरकी झाली.

"मागचा पाय वर! मागचा म्हटलं ना! अरे माणूस आहे मी, सिमेंटचं पोतं नाही! पुन्हा खाली चला. पहिल्यापासून!"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं, घाम पुसला, आणि त्याला घेऊन पुन्हा खाली उतरू लागले.